ग्रहणासाठी राखलेली टेकडी

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत, की आजी, तुझ्या कपाटाच्या दारावरच्या फोटोत पुऱ्या तळायचा झारा डोक्यावर धरून अंगणात उभे असलेले ते आजोबा कोण? मी "आमचे घरमालक" एवढंच म्हणाले, कारण तुमची शाळेची बस यायची होती. बस येईपर्यंत सांगून संपेल असा तो माणूस नव्हता. म्हणून आज सकाळची कामं आटोपून लिहायला बसले आहे.

कोणतीही गोष्ट पहिल्यापासून ओळीने सांगायची मला सवय आहे. या घरमालकांची तशी सांगता येत नाही, कारण ते स्वतः कायम शेवटाकडून सुरुवात करायचे, आणि त्यांचा शेवट सहाशे वर्षांपुढे होता.

नांद्याच्या या फ्लॅटचा ताबा बिल्डर आज देतो, उद्या देतो करत होता, त्या काळात मी आणि तुमचे आजोबा रिहे गावात त्यांच्या घरी खालच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. वर ते एकटे. वर्ध्याच्या एका कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेले. लग्न केलेलं नव्हतं. "राहून गेलं," एवढंच म्हणत, जणू दळण आणायचं राहून गेलं. गाव त्यांना मास्तर म्हणे, आम्ही सर म्हणायचो.

घर पाहायला गेलो तेव्हा मला वाटलं, गवंड्याची चूक झाली असावी. रस्ता सरळ, कुंपण सरळ, आणि घर मात्र रुसून तोंड फिरवून बसल्यासारखं तिरकं. त्यामुळे पुढे-मागे दोन त्रिकोणी अंगणं तयार झाली होती. त्रिकोणी अंगणात कपडे वाळत घालायची दोरी कुठून कुठे बांधायची, हा प्रश्न मला पहिल्या मिनिटाला पडला. मी विचारलं, "घर असं का बांधलंत?"

"ग्रहण त्या टेकडीवरून दिसणार आहे. खिडकी तिच्याकडे पाहिजे ना."

"कोणतं ग्रहण? कधी आहे?"

"अजून वेळ आहे, वहिनी. सहाशे वर्षं. वर थोडी."

तुमच्या आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी भाडं विचारलं. भाडं वाजवी होतं.

नंतर एकदा मी म्हटलं, "सर, हे घर सहाशे वर्षं टिकेल का?" ते हसून म्हणाले, "घर कायचं टिकतं? दिशा टिकते."

हा माणूस पुढच्या काळाबद्दल असा बोलायचा, की पुढची शतकं जणू पलीकडच्या आळीत राहतात. आमच्या मोरीतला नळ पहिल्या दिवसापासून गळत होता. मी दर आठवड्याला सांगायची आणि ते दर आठवड्याला शांतपणे उत्तर द्यायचे, "ग्रहणापर्यंत टिकेल." कुणी लग्नाची घाई करत असलं, कुणी एसटी चुकेल म्हणून धावत असलं, की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "घाई कायची आहे?" मात्र आमच्याकडचा चारचा चहा त्यांना चारला लागायचा. चार वाजून गेले की वरून काठी आपटल्याचा आवाज. सहाशे वर्षं थांबायला तयार असलेला माणूस चहासाठी पाच मिनिटं थांबत नसे.

रोज सकाळी आमच्या कुंपणावरून ठकूबाई शेळ्या घेऊन त्या टेकडीवर चरायला जायची. धनगराच्या घरातली, वयाने माझ्याएवढी, पण चढ माझ्या दुप्पट वेगाने चढणारी. ग्रहणाला ती गिराण म्हणे. जाता जाता वर तोंड करून हाक मारायची, "मास्तर, कुटवर आलं तुमचं गिराण?"

"निघालं आहे!" वरून उत्तर यायचं.

एकदा तिच्या कडेवर तिची तान्ही नात होती. सर खाली उतरले, बाळाच्या मुठीत बोट दिलं, मनातल्या मनात काहीतरी हिशेब केला आणि म्हणाले, "हिच्या बाविसाव्या पिढीला दिसणार बघ."

"व्हय का?" ठकूबाई म्हणाली. "हिच्या बापाला समोरची म्हस दिसत न्हाई."

आता ते ग्रहण कोणतं, हे तुम्हाला सांगायला हवं. मला ते त्यांनी माझ्याच स्वयंपाकघरात शिकवलं. माझे डाळींचे डबे तुम्हाला माहीत आहेत, प्रत्येकावर चिठ्ठी आणि प्रत्येकाचं झाकण ज्याचं त्याला. ते एका दुपारी आले आणि सगळी झाकणं काढून ओट्यावर पसरली. "हे झाकण लहान पडलं, की डब्याची कड सगळीकडून दिसते. चंद्र लांब असला की असं होतं. सूर्याची बांगडी उरते. ते कंकणाकृती. हे झाकण मोठं, डबा पूर्ण झाकला. हे खग्रास. बरोबर?"

"बरोबर," मी म्हटलं. तूरडाळ उघडी पडली होती.

"पण क्वचित एखादं ग्रहण दोन्ही असतं. पृथ्वी गोल आहे ना, मधला फुगवटा चंद्राला थोडा जवळ पडतो. मग सावली धावत येताना एका टोकाला बांगडी दिसते, आणि मध्यावर पूर्ण अंधार. त्याला संमिश्र ग्रहण म्हणतात. आता सांगा, बांगडी संपून अंधार सुरू होतो, त्या नेमक्या जागी काय होत असेल?"

मी मसूरडाळीचं झाकण मसूरडाळीच्या डब्यावर ठेवलं. ते घट्ट बसलं.

"हे!" ते ओरडले. "अगदी हे! चंद्र सूर्यावर नेमका बसतो. मोठा नाही, लहान नाही. चंद्रावरच्या दऱ्यांतून फक्त उजेडाचे मणी गळतात, एवढासा वेळ. आणि ही जागा असते अगदी चिंचोळी, वहिनी. एखादं गाव मावेल एवढी. दिवस उगवून सूर्य कासराभर वर आला असेल, आणि ती जागा म्हणजे आपली टेकडी!"

मसूरडाळीचं ते झाकण सर वर घेऊन गेले. पुढे कित्येक महिने मी त्या डब्यावर बशी ठेवत होते.

फोटो आहे तो दिवाळीतला. त्या वर्षी लक्ष्मीपूजन आणि पाडवा यांच्या मध्ये एक दिवस रिकामा पडला होता, कारण त्या संध्याकाळी खंडग्रास ग्रहण होतं. गावात बहुतेकांनी दारं लावून घेतली होती, पाण्याच्या हंड्यांवर तुळशीची पानं ठेवली होती. सरांनी आमच्या पुढच्या त्रिकोणी अंगणात सतरंजी अंथरली, चकल्यांचा डबा उघडा ठेवला आणि माझा झारा घेऊन उभे राहिले. झाऱ्याच्या प्रत्येक भोकातून जमिनीवर उजेडाचा एकेक ठिपका पडला होता, आणि प्रत्येक ठिपका चतकोर खाल्लेला होता. शंभरेक छोटे सूर्य, सगळे एकाच बाजूने कुरतडलेले. मी आयुष्यभर त्या झाऱ्याने पुऱ्या काढल्या, पण त्यातून असं काही गळेल हे मला माहीत नव्हतं.

ठकूबाई शेळ्या घेऊन उतरत होती. ग्रहणात जनावर बाहेर ठेवू नये म्हणून घाईत होती, पण अंगण पाहून थांबली. एक शेळी त्या ठिपक्यांतून चालत गेली तर तिच्या पाठीवर सगळे सूर्य चढले.

"आगं बया," ठकूबाई म्हणाली, "शेळीला खवलं आली की!" मग चकली उचलून तिने ग्रहणात खाल्ली. सर म्हणाले, "हे काहीच नाही. आपल्या टेकडीवरचं बघायला पाहिजे."

हळूहळू दारं उघडली, माणसं जमली, आणि त्या संध्याकाळी टेकडीची बातमी गावभर झाली.

एखादी गोष्ट सहाशे वर्षांनी घडणार असेल, तर लोक ती ऐकून सोडून देतील असं मला वाटलं होतं. पण सावली एका गावापुरतीच आहे, हे कळल्यावर चित्र बदललं. टेकडीच्या पलीकडे दुसरं गाव आहे, आणि दोन्ही गावांचं कुस्तीच्या फडापासून यात्रेतल्या बैलगाड्यांपर्यंत जुनं वैर. पलीकडचे लोक सरांकडे आले आणि आपल्या बाजूने बघायला मिळेल का म्हणून विचारू लागले. आमच्या गावातले तात्या, म्हणजे इथल्या भावकीतले सर्वांत वडीलधारे, त्यांना फाटकातच म्हणाले, "तुमच्यात अर्धवट दिसंल. पुरं हितं हाय. मास्तरनी गनित केलंय."

टेकडीचा माथा या भावकीच्या सामाईक मालकीचा होता. सगळ्यांच्या सह्यांशिवाय तो विकता येत नव्हता. शेती तिथे होत नाही, म्हणून ठकूबाईच्या शेळ्यांना वर्षानुवर्षं कुणी अडवलं नव्हतं. आणि नेमक्या त्याच सुमारास पुण्याची एक पार्टी रिसॉर्टसाठी माथा मागायला आली. पांढरी गाडी, काळा चष्मा, "सनराइज पॉइंट" वगैरे. भावकीतले तरुण एका पायावर तयार होते. तात्या मात्र म्हणाले, "आन् गिराण बघायला लोकांनी उभं कुटं ऱ्हायचं? तुमच्या पोहायच्या टाकीत?"

पार्टी हुशार होती. "काका, मग आपण रिसॉर्टचं नावच 'एक्लिप्स' ठेवू की!"

"नावाव उभं ऱ्हाता येत न्हाई," तात्या म्हणाले.

शेवटी, एका रविवारी देवळात बैठक घेऊन विषय संपवायचा असं ठरलं. तात्यांच्या हातात ग्रहण हा एकच मुद्दा होता, पण तो पक्का होता.

त्या बैठकीच्या आधीचा आठवडा. सरांच्या भिंतीवर चावीचं जुनं घड्याळ होतं, आणि दर रविवारी रेडिओवरच्या वेळेशी ते जुळवायचा त्यांचा नेम होता. ते नेहमी मागे पडलेलं असायचं, पण कधी एवढं, कधी तेवढं. चहा घेता घेता ते काटा पुढे सरकवत म्हणाले, "मागे पडणार हे नक्की. किती, ते कुणाला सांगता येत नाही. जुनं झालं बिचारं."

तुमचे आजोबा चहात बिस्किट बुडवत सहज म्हणाले, "आणि पृथ्वीला चावी कोण देतं हो?"

आजोबांना त्यात फार काही म्हणायचं नव्हतं. त्यांचे विनोद असेच असतात. पण सरांचा हात काट्यावरच राहिला. त्यांनी कप ओट्यावर ठेवला, अर्धा भरलेला, आणि खिडकीतून टेकडीकडे पाहत उभे राहिले. आम्ही खाली आलो तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

त्यानंतरचे काही दिवस काठी आपटली नाही. चार वाजायचे, साडेचार वाजायचे, वर शांतता. शेवटी शुक्रवारी मीच चहा घेऊन वर गेले, आजोबाही आले. सर जमिनीवर बसले होते आणि माझं मसूरडाळीचं झाकण त्यांच्या हातात होतं.

"वहिनी, टेकडी हलली," ते म्हणाले.

मी कप पुढे केला.

"सूर्य धरला, चंद्र धरला, दोघांची अंतरं धरली. पृथ्वी मात्र आजच्याच वेगाने फिरत राहील असं धरून चाललो. ती मंदावते हो. भरती-ओहोटी तिला अडवते, तिच्या पोटातही काय काय हलतं. किती मंदावेल, ते आधी सांगता येत नाही. ग्रहण होणार, दिवसही तोच. पण त्या घटकेला सावलीखाली कोणतं गाव आलेलं असेल, ते मला सांगता येणार नाही. एका मिनिटाचा फरक म्हणजे सव्वीस किलोमीटर. इथून पुणं!"

"हे तुम्हाला माहीत नव्हतं?" मी विचारलं.

"वर्गात शिकवलं आहे! पण टेकडी इतकी छान बसत होती, की मी तिकडे पाहिलंच नाही. आणि घड्याळ रोज डोळ्यांपुढे होतं."

आजोबा अपराध्यासारखे झाले होते. ते म्हणाले, "मग बोलू नका ना. सहाशे वर्षांनी तुम्हाला विचारायला कोण येणार आहे?"

"तेच तर, भाऊ. ज्यांना मला विचारता येणार नाही, त्यांना खोटं कसं सांगू?"

खालून शेळ्यांच्या घंटा वाजल्या. ठकूबाईने नेहमीची हाक मारली, "मास्तर, कुटवर आलं?" पहिल्यांदाच वरून उत्तर गेलं नाही. सर हळूच म्हणाले, "रविवारी तोंड उघडलं, तर हिची टेकडी जाते. मिटलं, तर माझं गणित जातं." मग झाकण खाली ठेवत, "आणि घर तर तिरकं बांधून झालं आहे."

रविवारी आम्ही दोघंही देवळात गेलो. आम्ही भाडेकरू, आम्हाला बोलायचा अधिकार नव्हता, म्हणून बाजूच्या खांबाशी बसलो. ठकूबाई बाहेर पायरीवर. भावकी सगळी हजर, पार्टी खुर्चीवर. तात्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "मास्तर, सांगा यांना एकदा गिराणाचं. म्हंजी विषय मिटला."

सर उभे राहिले. स्वच्छ धुतलेला सदरा होता, पण गुंडी एक घर चुकवून लावलेली. त्यांनी जसं आम्हाला सांगितलं, तसंच सगळं सांगितलं, चूक कुठे झाली तेही. "टेकडीवर होईल असं मी म्हणालो, ते मी मागे घेतो," एवढं बोलून ते खाली बसले.

पार्टीने चष्मा काढून पुसला आणि परत लावला. एका तरुणाने खिशातलं पेनसुद्धा बाहेर काढलं. मी सरांकडे पाहत होते. त्यांची मान इतकी खाली होती, की फक्त टक्कल दिसत होतं.

तात्या पुढे सरकून बसले. मग म्हणाले, "म्हंजी हितं न्हाईच?"

"इथे होईलही. किंवा पौडला. किंवा पुण्यात, किंवा समुद्रात. सांगता येत नाही."

"आन् पल्याडच्या गावात?"

"तिथलंही सांगता येत नाही."

"त्यांचं नक्की न्हाई?"

"नाही."

"म्हंजी कुनाचंच नक्की न्हाई?"

"कुणाचंच नाही."

तात्यांचा चेहरा उजळला. "मग आपला डोंगर काय वाईट हाय? जितकं त्यांचं, तितकंच आपलं. उलट आपला उंच हाय!"

"काका, अहो," पार्टी उठून उभी राहिली, "आत्ताच सर म्हणाले ना, गॅरंटी नाही म्हणून!"

तेव्हा पायरीवरून ठकूबाईचा आवाज आला. "न्हाई, पर आज इकला, आन् नेमकं हितंच आलं तर? लोक म्हनतील, जागा व्हती आन् यांच्या म्हाताऱ्यांनी फुकून टाकली. लई शिव्या घालतील."

"मावशी, सहाशे वर्षांनी!"

"मग? सहाशे वर्सांनी घातल्या म्हून शिव्या लागत न्हाईत व्हय?"

आधी तात्या हसले, मग सगळी भावकी. ज्याने पेन काढलं होतं, त्याने ते परत खिशात ठेवलं. आपल्या बाविसाव्या पिढीच्या तोंडून स्वतःच्या नावाने शिवी ऐकायला त्यालाही नको होतं. आणि मुख्य म्हणजे, आपण जागा विकली आणि पलीकडच्यांनी राखली तर काय, हा विचार प्रत्येकाच्या डोक्यात आला होता, तो मला त्यांच्या चेहऱ्यांवर स्पष्ट वाचता आला. पांढरी गाडी धूळ उडवत गेली. सर अजून खाली मान घालून बसले होते. आपण जिंकलो की हरलो, हे त्यांना कळलेलं नव्हतं. आजोबांनी त्यांना दंडाला धरून उठवलं, आणि मी त्यांची गुंडी नीट लावून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर थाप पडली. सर पान्हा आणि नवा वायसर घेऊन उभे. मोरीत जाऊन, गुडघे दुखत असताना, उकिडवं बसून त्यांनी नळ दुरुस्त केला. मी म्हटलं, "सर, ग्रहणापर्यंत टिकणार होता ना?"

"आता त्याचा काय भरवसा, वहिनी," ते म्हणाले. "नळ तरी गळायला नको." बरोबर चार वाजता काठी आपटली.

आमच्या फ्लॅटचा ताबा शेवटी मिळाला. निघताना त्यांनी मसूरडाळीचं झाकण परत दिलं, वर्तमानपत्रात गुंडाळून. पुढे गुडघ्यांनी जिना नको म्हटलं, तेव्हा ते वर्ध्याला भाचीकडे गेले. गेल्या थंडीत तिचा फोन आला. झोपेत गेले, म्हणाली. दुपारी, चारचा चहा घेऊन.

मध्यंतरी आम्ही दोघं रिह्याला गेलो होतो. तिरकं घर आहे तसंच आहे, आता तिथे हिंजवडीत काम करणारं एक जोडपं राहतं आणि त्यांनी कपड्यांची दोरी मी बांधायची तिथेच बांधली आहे. आम्ही धापा टाकत टेकडी चढलो. माथा मोकळा होता, गवत आणि वारा. ठकूबाई दगडावर बसली होती. मी तिला सरांचं सांगितलं. ती पदर तोंडाला लावून खाली गावाकडे पाहत राहिली.

मग एक शेळी माथ्याच्या अगदी मधोमध जाऊन फतकल मारून बसली. ठकूबाईने खडा उचलून तिच्या रोखाने टाकला.

"ए भवाने, ऊठ तितनं," ती म्हणाली. "मास्तरचं गिराण व्हायचं हाय तितं."